पुतळा काढायचा तर दिवसा काढा

प्रश्न: दिल्लीला इंडिया गेटजवळच्या छत्रीत नेताजींचा पुतळा आहे. त्याआधी तिथं कोण होतं?
– एक विद्यार्थी, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर: पंचम जॉर्ज. 1968 साली त्याला तिथून हलवलं आणि कॉरोनेशन पार्कात नेऊन ठेवलं. 1911 चा दरबार भरला होता तीच ही जागा. तिथं आता काही जुन्या व्हाइसरॉयांच्या संगतीत उभा असतो. छत्री मात्र 54 वर्षं रिकामी राहिली. 8 सप्टेंबर 2022 ला तिथं नेताजींचा 28 फुटी ग्रॅनाइटचा पुतळा आला. दिल्लीला गेलास तर दोन्हीकडे जाऊन ये.

प्रश्न: सर, माझी लेक अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात रिचमंडला असते. गेल्या वर्षी आम्ही दोघं जाऊन आलो. तिथं मॉन्युमेंट ॲव्हेन्यू नावाचा मोठा रस्ता आहे, पण स्मारकं जवळजवळ नाहीतच. एका टेनिसपटूचा पुतळा तेवढा दिसला. लेक म्हणाली, बाकीचे काढून टाकले, त्यासाठी कायदाच बदलला. मला ते काही बरं वाटलं नाही. इतिहास असा पुसायचा असतो का? आणि उद्या आपल्याकडे असा कायदा आला तर?
– एक वाचक भगिनी, साखर पेठ, सोलापूर

उत्तर: ताई, तुम्ही पाहिलात तो आर्थर ॲश. रिचमंडचाच पोरगा, विम्बल्डन जिंकलेला. लहानपणी काळा म्हणून गावातल्या गोऱ्यांच्या कोर्टांवर त्याला खेळू देत नव्हते. त्याचा पुतळा 1996 चा. त्याच्या कितीतरी आधीपासून त्या रस्त्यावर दक्षिणेच्या सेनानींचे पुतळे होते. गुलामगिरी टिकवायला देशातून फुटलेल्या राज्यांचे हे सेनानी. त्यांचा मुख्य जनरल ली घोड्यावर बसवला 1890 साली. फुटीवरून झालेलं ते यादवी युद्ध संपलं होतं 1865 ला, आणि ते हे लोक हरले होते. हरल्यावर पंचवीस वर्षांनी एवढा मोठा पुतळा का उभा केला, हा प्रश्न मी वर्गात हमखास विचारायचो. पोरं म्हणायची, ‘सर, हरले कुठं मग?’

तुमच्या लेकीनं सांगितलं ते खरं आहे, पण त्याच्या मागची गोष्ट राहिली. व्हर्जिनियात 1904 पासून कायदा होता, तो पुतळ्यांच्या बाजूचा. युद्धस्मारकाला गावानं हात लावायचा नाही. म्हणजे पुतळे इतकी वर्षं राहिले तेही कायद्याच्याच जोरावर. शार्लट्सव्हिल नावाच्या गावात 2017 साली नगर परिषदेनं ली काढायचा ठराव केला, तर लोक कोर्टात गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथं गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मेळावा झाला, एकानं गर्दीत मोटार घातली आणि एक बाई मेली. कोर्टाचा निकाल यायला 2021 उजाडलं.

मधल्या काळात, 1 जुलै 2020 पासून कायदा बदलला. मला त्यातलं आवडतं ते एवढंच: गावानं ठरवायचं, पण आधी वर्तमानपत्रात नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, लोकांची सुनावणी घ्यायची, मग मतदान. काढायचं ठरलंच तर तीस दिवस एखाद्या संग्रहालयाला किंवा इतिहास मंडळाला विचारायचं, ‘तुम्हाला हवा का?’ कोण चांगला, कोण वाईट याची यादी त्या कायद्यात नाही. आता हे सगळं तिथं शिस्तीत पार पडलं असं समजू नका. रिचमंडच्या महापौरांनी कायदा लागू झाला त्याच दिवशी, आणीबाणीचे अधिकार वापरून, जॅक्सन नावाच्या जनरलचा पुतळा उतरवला. लीची जागा राज्याची होती, त्यामुळे त्याचा खटला वेगळा चालला. तो उतरला 8 सप्टेंबर 2021 ला, सकाळी, लोक बघत असताना. शार्लट्सव्हिलचा ली संग्रहालयात नाही गेला, तो 2023 मध्ये वितळवला. तो निर्णयही मला पटत नाही.

अमेरिकेतल्याच अलाबामा राज्याचं तर उलटं. तिथं 2017 साली कायदा केला की चाळीस वर्षांहून जुनं स्मारक हलवायचंच नाही, हलवलं तर 25,000 डॉलर दंड. तिथल्या बर्मिंगहॅम शहरानं दंड पत्करून स्मारक हलवलं. आपल्याकडे बिनपरवाना मजला चढवून दंड भरणारे असतात, तशातलाच प्रकार.

आता इतिहास पुसतो का याबद्दल. मुंबईच्या काळ्या घोड्याचं बघा. सातवा एडवर्ड घोड्यासकट 1965 साली उचलून राणीच्या बागेत नेला. चौक रिकामा झाला, नाव राहिलं. 2017 मध्ये तिथं पुन्हा घोडा बसवला, या खेपेला स्वार नसलेला. पुतळ्यानं माणूस लक्षात राहतोच असं नाही, तसा तो पुतळा गेल्यानं विसरलाही जात नाही. मी पोरांना 12 जानेवारीला, सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्याची दुकानं लागत असायची तेव्हा, सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्यायचो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. 1930 च्या मार्शल लॉनंतर खटला झाला आणि 1931 ला याच तारखेला येरवड्यात फाशी. एका पोरानं विचारलं होतं, ‘सर, ज्यानं फाशी दिली त्या साहेबाचा पुतळा कुठंय?’ मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, ‘मग नाव तरी सांगा.’ मला त्या दिवशी ते आठवेना, आणि मी चिडून त्याला ओळीत उभं केलं.

नुकसान कसं होतं ते मी दुसरीकडे बघितलं. आमच्या शाळेच्या सभागृहात एका इंग्रज कलेक्टरच्या नावाची शिळा होती म्हणे. मी 1979 ला नोकरीला लागलो तेव्हा तिथं नुसता गिलावा होता. 1994 च्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेमागच्या मोरीचा पाइप फुटला. प्लंबरनं धुण्याचा दगड उलटा केला, तर खाली अक्षरं! साहेबाचं अर्धं नाव छिन्नीनं उडवलेलं. आणि त्याखाली बारीक अक्षरात वर्गणीदारांची यादी: गिरणीतले जॉबर म्हणजे मुकादम, सुताचे व्यापारी, पूर्व भागातले दोन विणकर. सभागृह यांच्या पैशानं झालं होतं. साहेबाला हाकलायचं म्हणून दगड काढला, आणि आपली माणसं पंधरा-वीस वर्षं त्याच्यासोबत मोरीत पडली. मी इतिवृत्ताच्या वह्या चाळल्या. कोणी काढला, कधी, कोणाच्या सांगण्यावरून, एक ओळ नाही.

म्हणून माझा राग काढण्यावर नाही, अंधारावर आहे. पुण्यात 2010 मध्ये लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा महापालिकेनं रीतसर ठराव करून काढला, पण काढला मध्यरात्रीनंतर, पोलिसांच्या गराड्यात. 2017 च्या जानेवारीत नाटककार राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा तर काही लोकांनी, ठराव वगैरे काही नसताना, रात्री उखडून नदीत टाकला. त्या वादांत कोणाचं खरं, यावर माझं मत आहे, पण ते विचारायला घरी या, चहा घेऊ. इथं एवढंच सांगतो, लाल महालाचा ठराव झाला होता तर सकाळी दहाला काढायला काय हरकत होती?

आपल्याकडे पुतळा बसवायला कला संचालनालयाकडून मातीच्या नमुन्याला मान्यता घ्यावी लागते. नाक कसं, तलवार कशी, सगळं तपासतात. काढण्यासाठीही तेवढीच कटकट असावी, असा कायदा आला तर मी हात वर करीन. नोटीस, सुनावणी, जाणार कुठं त्याचा पत्ता, आणि रिकाम्या जागी इथं काय होतं व का काढलं याची पाटी. नावांची यादी मात्र सरकारनं करू नये. आज त्यांची यादी होईल, सत्ता बदलली की दुसऱ्यांची.

आमची ती शिळा सध्या ग्रंथालयाच्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवलीय. कुठं बसवायची यावर दोन सभा झाल्या. साहेबाचं नाव दिसू नये म्हणून वरचा भाग झाकावा, असं एकाचं म्हणणं आहे. तिसरी सभा पुढच्या महिन्यात, मलाही बोलावलंय.