‘वयाचं खूळ आहे ना हे, मॅडम?’

‘हल्ली सगळ्याच मुली डाएट करतात. आमची जरा जास्त करते. वयाचं खूळ आहे ना हे, मॅडम?’ मी समुपदेशन करते; पालक मला हे वारंवार विचारतात. या आईची मुलगी अकरावीत होती. ते खूळ नव्हतं, अ‍ॅनोरेक्सिया नावाचा, स्वतःला उपाशी ठेवण्याचा आजार होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगी चतकोर भाकरीवर दिवस काढायची. घरच्यांसाठी मात्र केक करायची, पुरणपोळ्या लाटायची आणि सगळे जेवताना टक लावून बघत बसायची. ‘स्वयंपाकाची एवढी हौस, मग खात का नाही?’ आईला कळेना. ती हौस नव्हती, भूक होती. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्याही डोक्यात दिवसभर अन्नच घोळायचं. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले.

पाळी चार महिने बंद, केस गळतायत, भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर. मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं. नाडी मंद निघाली. अशा वेळी ईसीजी आणि रक्ततपासणी झाल्याशिवाय नुसतं बोलत बसणं धोक्याचं असतं.

चौथ्या भेटीत ती बोलली. ‘सायन्स बाबांनी ठरवलं, क्लास आईनं. दहावीत मी वर्गात पहिली होते, इथे सगळ्याच पहिल्या. न खाणं तेवढं मला जमतं. तेही सोडलं तर मी कोण?’

‘मी कोण’ हा किशोरवयातला मुख्य प्रश्न, असं मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी मांडलं. हिला त्याचं उत्तर वजनकाट्यावर सापडलं होतं. ते हिसकावून घेतलं की मूल आणखी घट्ट धरून बसतं.

‘मग तिच्यावरच सोडायचं का?’ बाबांनी विचारलं. नाही. उपाशी मेंदूला स्वतःचा शोध घेता येत नाही. लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये रुजलेली पद्धत आम्ही वापरली: काय आणि किती खायचं हे काही महिने आईबाबांनी ठरवायचं, रागवायचं नाही, कॅलरींवर वाद घालायचा नाही, ताट संपेपर्यंत शेजारी बसायचं. ती रडली, माझ्याशी दोन आठवडे बोलली नाही. मलाही ते जड गेलं. वजन सावरत गेलं तसे निर्णय एकेक करून तिच्या हाती परत दिले.

अजून ती भाकरीचे बारीक तुकडे करते. पण परवा आईचा फोन आला, काळजीचा: ‘काल बाबांशी कडाडून भांडली. सायन्स सोडून आर्ट्सला जायचं म्हणते. आणि भांडता भांडता दोन भाकरी खाल्ल्या.’