हरलेला डाव घरी आणल्यावर

(बुद्धिबळाबद्दल वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं)

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा आहे, जिल्ह्याच्या स्पर्धा खेळतो. घरी आलो की लगेच आम्ही डाव मोबाईलवर टाकतो, इंजिन (चाली तपासणारं सॉफ्टवेअर) चुकलेल्या चालींवर लाल प्रश्नचिन्हं दाखवतं, तो "हो हो, कळलं" म्हणतो आणि पुढच्या स्पर्धेत परत तेच. आमचं काय चुकतंय? (एक पालक, सातारा)

उत्तर : घाई होतेय, बाकी काही नाही. इंजिन सांगतं की अमुक चाल चुकली आणि तमुक करायला हवी होती, पण त्या मिनिटाला पोराच्या डोक्यात काय चाललं होतं ते इंजिनला कुठून माहिती असणार, आणि सुधारायचं तर तेच असतं ना.

एक डाव सांगतो म्हणजे लक्षात येईल. २०१४, सोची, कार्लसन विरुद्ध आनंद, जगज्जेतेपदाची मॅच, सहावा डाव. तोवर दोघांचे २.५ गुण. कार्लसन पांढऱ्याने खेळतोय, पोझिशन त्याची चांगली आहे आणि आनंद चिवटपणे बचाव करतोय. २६व्या चालीला कार्लसनने राजा सी१ या घरातून डी२ या घरात आणला. दिसायला एकदम निरुपद्रवी चाल. पण आता काळ्याला जी६ वरच्या घोड्याने ई५ चं प्यादं मारता येत होतं. घोडा हलला की पांढरा हत्ती जी८ वरचा हत्ती मारणार, आपण बहुतेक जण इथेच "अरे हत्ती जातोय" म्हणून विचार सोडून देतो, पण तो हत्ती परत मारायच्या आधी घोडा सी४ चं प्यादं खाऊन डी२ वरच्या राजाला शह देतो, राजा डी३ वर आला तर बी२ वरून अजून एक शह, आणि मग आरामात जी८ वरचा हत्ती मारायचा. दोन प्यादी फुकटात. कार्लसनला चाल केल्याकेल्या कळलं होतं, तो नुसता बसून वाट बघत होता. आणि आनंदने ए४ वर प्यादं ढकललं! ३८ चालींत तो डाव हरला, पुढे मॅचही ६.५–४.५ अशी कार्लसनने घेतली.

आता हा डाव इंजिनमध्ये टाका, सलग दोन लाल प्रश्नचिन्हं दिसतील, एकसारखीच. कारणं मात्र पूर्ण वेगळी. कार्लसनने, माझ्या मते, राजा ज्या घरात नेतोय तिथे शह बसतो का एवढं बघितलं नाही. आनंदचं तसं नाही, समोरून असं काही फुकट मिळेल ही अपेक्षाच नव्हती त्याला, नंतर तो साधारण तसंच बोलला. तो बचाव करण्यात इतका गुंतलेला होता की समोरच्याची चाल त्याने चूक म्हणून तपासलीच नाही. लहान मुलांमध्ये हा दुसरा प्रकार मी सगळ्यात जास्त बघतो, समोरच्याने काहीही खेळू दे, पोरगं आपलं ठरवलेलं रेटत राहतं.

म्हणून मोबाईल बाजूला ठेवा. पट मांडा, स्कोअरशीट (चाली लिहिलेला कागद) घ्या, तो चाली करत जाईल आणि तुम्ही फक्त विचारायचं, "समोरच्याने ही चाल कशाला केली असं वाटलं तुला तेव्हा?" तुम्हाला बुद्धिबळ येत नसेल तर उलट बरंच आहे, कारण मग तुम्ही मध्ये मध्ये उत्तरं देणार नाही. जिथे तो अडखळेल किंवा "माहीत नाही, असंच" म्हणेल तिथे पेन्सिलने खूण. इंजिन त्यानंतर. आणि वहीत चाल लिहू नका, कारण लिहा, "त्याची चाल बघितलीच नाही", "मारामारी पूर्ण मोजली नाही", "जिंकतोय म्हणून सैल सुटलो" असं त्याच्या भाषेत. थोडे डाव साठले की एकच ओळ परत परत येताना दिसेल, मग कशावर काम करायचं ते कोचला वेगळं विचारावं लागत नाही.

अजून एक, डाव चालू असताना चालीच्या बाजूला घड्याळातला उरलेला वेळ लिहायला सांगा. फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या) नियमात ते चालतं (विचार किंवा टिपणं लिहिणं मात्र चालत नाही). घरी आल्यावर दिसतं की घोळ झालेली चाल पाच सेकंदांत मारली होती का पंधरा मिनिटं विचार करून. दोन्हीचं औषध वेगळं आहे. आणि हे सगळं हॉलच्या दारात उभं राहून नको हो, तिथे आधीच पोरांपेक्षा पालकांना जास्त टेन्शन असतं. जेवू दे, झोपू दे, दुसऱ्या दिवशी बसा.

प्रश्न : आयटीत आहे, रात्री ३-३ मिनिटांचे ब्लिट्झ (अतिजलद डाव) खेळतो, रेटिंग वर्षभर तिथेच. ओपनिंगचा (डावाच्या सुरुवातीच्या चालींचा) कोर्स घेऊ का? (पुणे)

उत्तर : नका घेऊ. रोज झोपायच्या आधी दहा ब्लिट्झऐवजी १५ मिनिटांचा एकच डाव खेळा आणि तो बघा. लिचेस या वेबसाइटवर डाव तपासल्यावर चुकांमधून शिकायचं एक बटण येतं, त्यात उत्तर लपवलेलं असतं आणि चांगली चाल तुम्हाला शोधावी लागते, फुकट आहे.

प्रश्न : सर, हरलेला डाव तपासायचा हे पटतं. पण जिंकलेला कशाला बघायचा? (बारावी, नागपूर)

उत्तर : कारण चांगला निर्णय इंजिन बऱ्याचदा दाखवतच नाही. गुकेश–डिंगच्या जगज्जेतेपदाच्या मॅचचा १४वा, शेवटचा डाव घे, १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, स्कोअर ६.५–६.५. गुकेश काळ्याने खेळत होता, दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, गुकेशकडे एक प्यादं जास्त. सगळे म्हणत होते ड्रॉ, दुसऱ्या दिवशी टायब्रेक (बरोबरी सोडवायचे जलद डाव). ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची बदली करायला दिली, आणि त्याचा उंट होता ए८ च्या कोपऱ्यात, जिथून बाहेर पडायला एकच तिरपी रेषा. हत्ती गेल्यावर गुकेशने उंट डी५ वर ठेवला, आता उंटांची बदलीही टळत नाही, आणि नुसत्या प्याद्यांचं एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) एक प्यादं कमी असताना हरलेलं. ५८व्या चालीला डिंगने डाव सोडला.

सगळे ती एफ२ चीच चाल सांगतात. पण ती चूक व्हायला डाव चालू असायला लागतो ना! ड्रॉकडे न वळता, स्वतःला काही धोका न घेता, समोरच्याला प्रत्येक चालीला विचार करायला लावायचं हे गुकेशने आधीच ठरवलेलं होतं, आणि तसल्या चालींना इंजिन उद्गारचिन्ह (उत्तम चालीची खूण) देत नाही, आकडा ०.०० च्या, म्हणजे बरोबरीच्या, आसपासच राहतो. तुझ्या जिंकलेल्या डावात अशी जागा शोध. आणि उलटंही शोध, समोरच्याला कुठे संधी होती आणि त्याला दिसली नाही, कारण वर पहिल्या उत्तरात सांगितलेल्या सोचीच्या डावासारखं तुझ्याही डावात होत असणार आणि जिंकल्यामुळे ते तुला कळतसुद्धा नसेल.

तू नागपूरचाच आहेस तर दिव्या देशमुखची जुलै २०२५ मधली बाटुमीची महिला वर्ल्ड कप फायनल काढ, कोनेरू हंपीविरुद्धचा दुसरा रॅपिड (जलद) डाव, दिव्या काळ्याने जिंकली तो. इंजिन बंद ठेवून, पटावर.