स्पेनमधे ग्रॅव्हल सायकलिंगला आठ-नऊ दिवस आहेत, जिरोना करू की सान्तियागोची वाट?

तुम्ही लिहिलंय की मेच्या शेवटी आठ-नऊ दिवस हातात आहेत, डांबरी हायवे नको, खेडी आणि जुनी गावं बघत मातीच्या-खडीच्या रस्त्याने जायचंय (ग्रॅव्हल म्हणजे तेच), आणि जो तो जिरोना नाहीतर सान्तियागोची वाट सुचवतोय. मी वालेन्सियाला राहतो, सुट्टी मिळाली की सायकल घेऊन आत डोंगरात जातो, आणि माझं म्हणणं असं की दोन्ही सोडा आणि वालेन्सियाच्या आत डोंगरात असलेल्या तेरुएलला जा.

बार्सिलोनाच्या उत्तरेचं जिरोना शहर सुंदरच आहे, त्यात वाद नाही. प्रो रायडर तिथे राहतात, २०१९ पासून द ट्राका नावाची मोठी ग्रॅव्हल रेस होते, भाड्याची सायकल, मेकॅनिक, कॅफे सगळं हाताशी. पण आसपास सगळीकडे सायकलवालेच दिसतात, आणि तुम्हाला खेडी हवीयत. सान्तियागोची वाट म्हणजे ख्रिस्ती यात्रेकरूंची जुनी पायवाट, तिच्या फ्रेंच मार्गावर मेमधे चालणाऱ्यांची रांग असते, वाट मुळात त्यांची आहे, आपण मागे हळू राहायचं, थांबायचं, ते बरोबरच आहे. श्रद्धेने जायचं असेल तर जरूर जा (सायकलवर प्रमाणपत्रासाठी शेवटचे २०० किमी तरी करावे लागतात), पण नुसतं ग्रॅव्हल म्हणून नको.

आता तेरुएल का. हा जिल्हा जवळजवळ १४,८०० चौरस किमीचा, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा थोडासाच लहान. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसं होती आणि इथे सगळा जिल्हा मिळून दीड लाखसुद्धा नाहीत. गेल्या साठ-सत्तर वर्षांत माणसं माद्रिद, बार्सिलोना, वालेन्सियाला निघून गेली, शाळा बंद, दवाखाना आठवड्यातून ठरावीक दिवशी. ३१ मार्च २०१९ ला असल्या रिकाम्या झालेल्या भागातली माणसं माद्रिदच्या रस्त्यावर उतरली होती, आणि त्याच वर्षी 'तेरुएल एक्सिस्ते' म्हणजे 'तेरुएल आहे' या नावाने त्यांनी संसदेच्या खालच्या सभागृहात एक जागाही जिंकली. तर रस्ते मोकळे का, तर त्याचं कारण हे आहे, आणि ते डोक्यात ठेवून तिथे सायकल चालवावी असं मला मनापासून वाटतं.

वालेन्सियाहून तेरुएलला साधी ट्रेन आहे, तिच्यात सायकल आहे तशी चढवता येते, जागा मोजक्याच असतात. या लाईनवर अधूनमधून कामं निघतात आणि मग ट्रेनच्या जागी बस सोडतात, बसमधे सायकलची खात्री नसते, म्हणून तिकीट काढायच्या आधी ते बघा. माद्रिदहून हायस्पीड ट्रेनने येणार असाल तर तिच्यात सायकल सुटी करून बॅगेत भरावी लागते.

तेरुएल शहर ९०० मीटरच्या थोडं वर आहे. पहिला दिवस तिथेच काढा. ख्रिस्ती राजांचं राज्य आल्यावरही मुसलमान कारागीर तिथे राहिले, त्यांच्या पद्धतीने विटांचे मनोरे उभे राहिले, हिरव्या-पांढऱ्या चकचकीत फरशा बसवलेले, आणि सान मार्तीन, एल साल्वादोर हे मनोरे असे की रस्ताच त्यांच्या पोटातून जातो, तुम्ही सायकल हातात धरून खालून चालत जाता. १९८६ पासून हे सगळं युनेस्कोच्या यादीत आहे. कॅथेड्रलमधलं रंगवलेलं लाकडी छत चुकवू नका, त्यात राजे-संत आहेतच पण करवत चालवणारे सुतारही आहेत.

दुसऱ्या दिवशी आल्बारासीन. गेआ गावावरून जा, तिथून जवळ रोमन लोकांनी खडकात खोदलेला पाण्याचा कालवा आहे, आल्बारासीनपासून सेयापर्यंत पाणी नेणारा, पंचवीसेक किमीचा, दोन हजार वर्षं जुना, काही ठिकाणी आत शिरून चालता येतं. आल्बारासीन म्हणजे ग्वादालाव्यार नदीने तीन बाजूंनी वेढा घातलेल्या कड्यावरचं गाव, गुलाबी-लाल गिलाव्याची घरं, वरचे मजले गल्लीत पुढे आलेले, वर डोंगरावर चढत गेलेली तटबंदी. अकराव्या शतकात बानू राझीन या बर्बर घराण्याचं इथे स्वतंत्र राज्य होतं. वीकेंडला टूरिस्ट बसेस येतात म्हणून मधल्या वारी पोचा आणि दोन रात्री राहा, संध्याकाळी सातनंतर गाव परत गावकऱ्यांचं होतं.

एक चक्कर रोदेनोच्या जंगलाची करा, आल्बारासीनहून बेसासकडे. लाल वाळूचा दगड, पाइनची झाडं, आणि खडकांवर हजारो वर्षांपूर्वी काढलेले बैल, हरणं. रस्ता आपल्याकडच्या मुरमासारखाच, पण मधेमधे तोच दगड झिजून भुसभुशीत वाळू साचते आणि पुढचं चाक खेचलं जातं, तिथे ब्रेक न लावता वजन मागे ठेवून जायचं.

दुसरी चक्कर मोठी, आणि माझ्या मते अख्ख्या ट्रिपचा जीव तिच्यात आहे. रोयुएला, कालोमार्दे करत फ्रीआस गावाकडे चढायचं आणि तिथून ताखो नदीच्या उगमापाशी. नदी तिथे झऱ्याएवढी आहे आणि हजारएक किमी जाऊन लिस्बनला अटलांटिकला मिळते. तिथून थोड्याच अंतरावर उगम पावणारी ग्वादालाव्यार मात्र उलटीकडे, तेरुएलपुढे तूरिया नाव घेऊन वालेन्सियाला भूमध्य समुद्रात. एकाच डोंगरावरचं पाणी दोन समुद्रांत जातं आणि तुम्ही ती पाणी वाटणारी धार दिवसभरात सायकलवर ओलांडता. पुढे ग्रीएगोस, १,६०० मीटरवरचं, स्पेनमधल्या सगळ्यात उंच गावांपैकी एक. आणि ग्वादालाव्यार नावाच्याच गावात मेंढपाळांच्या स्थलांतराचं छोटं म्युझियम आहे, ते बघाच. आपल्याकडे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात ना, तसेच इथले मेंढपाळ थंडीत कळप घेऊन दक्षिणेला आंदालुसियाच्या कुरणांत जातात आणि उन्हाळ्यात परत वर येतात. त्यांचे राजमार्ग ठरलेले, मोठे 'कान्यादा' ७५ मीटर रुंद, आणि १९९५ च्या कायद्याने ते आजही सार्वजनिक जमीन आहेत, कुणी कुंपण घालू शकत नाही, चालायला आणि सायकलला खुले. ग्रॅव्हलवाल्याला याहून चांगलं काय हवं, पण कळप दिसला की पायउतार व्हा, राखणीचे मास्तीन कुत्रे प्रचंड असतात, सायकल तुमच्या आणि त्यांच्या मधे धरून शांतपणे चाला, पळू नका. वाटेत कुरणाची फाटकं लागतील, जशी सापडली तशी लावून पुढे जायचं.

हा सगळा भाग एर्नेस्तो पास्तोर यांनी आखलेल्या 'मोन्तान्यास वासीआस' या बाइकपॅकिंग (सामान सायकलवर लादून फिरायच्या) रूटमधे येतो, तो पूर्ण सुमारे ७०० किमीचा आहे, तुमच्या दिवसांत नाही बसणार, त्यातले तुकडे घ्या.

मग तेरुएलला परत येऊन शेवटचे दोन-तीन दिवस ओखोस नेग्रोसचा जुना रेल्वेमार्ग. डोंगरात लोखंडाची खाण होती, माल समुद्रावर न्यायचा, तिथे आधीच एक रेल्वे होती पण भाड्यावरून जमेना म्हणून खाणकंपनीने शेजारून स्वतःची दोनशे किमीची लाईन टाकली, १९०७ मधे सुरू केली. ७०च्या दशकात बंद पडली, रूळ उखडले आणि आता त्यातले साधारण १६० किमी सायकलचा रस्ता आहे. आगगाडीची लाईन असल्यामुळे चढ कुठेच अंगावर येत नाही. तेरुएलहून एस्कान्दोन खिंडीपर्यंत तीनशेएक मीटर चढा, मग सार्र्योन (काळ्या ट्रफलचं, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या बुरशीचं गाव), मग बार्राकासचं उघडं पठार, तिथे पवनचक्क्या आहेत त्या उगाच नाहीत, समोरून वारा असेल तर सपाटीवरही दम निघतो, सकाळी लवकर पार करा. तिथून पुढे समुद्रापर्यंत जवळजवळ उतारच, बोगदे, दगडी पूल, पाइन जाऊन बदाम-ऑलिव्ह आणि मग संत्र्याच्या बागा. टॉर्च हवाच, काही बोगद्यांत मिट्ट अंधार असतो. खेरिकाला थांबा, कड्यावरचा मनोरा बघायला. व्हिव्हेरच्या आसपास स्पेनच्या यादवी युद्धातले १९३८ चे खंदक अजून आहेत. तेरुएलची लढाई त्याच्या आधीची, डिसेंबर १९३७ ते फेब्रुवारी १९३८, त्यात कित्येक सैनिक नुसते थंडीने गेले. मेमधेसुद्धा वरच्या गावांत रात्री थंडी असते, जॅकेट आणि फुल ग्लोव्हज घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे किलोमीटर मोजणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. इथे दिवस गावांवर आखायचा. दोन गावांत पंचवीस-तीस किमी सहज असतात, मधे दुकान नाही, मोबाईलला रेंज नाही, मॅप आधीच डाउनलोड करून घ्या. दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, जेवण दीड ते साडेतीन आणि रात्री नऊनंतर, सोमवारी बार बंद असू शकतो. त्यामुळे दीडपर्यंत कुठल्या गावात असायचं हे सकाळीच ठरवा. गावच्या कारंज्यावर 'नो पोताब्ले' लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका, कमीतकमी तीन लिटर सोबत.

शाकाहारी असाल तर स्पष्ट सांगावं लागतं, तेरुएल हे हॅमचं गाव, भाजीतसुद्धा तुकडे घालतात आणि सॅलडमधे ट्यूना. 'सिन हामोन, सिन आतून' (हॅम नको, ट्यूना नको) म्हणा. बटाट्याचं अंडं घातलेलं तोर्तिया, टोमॅटो लावलेला पाव, आल्बारासीनचं चीज, एवढ्यावर मजेत निघतं, अंडंही चालत नसेल तर सोबत काहीतरी ठेवा.

टायर नुसत्या रेल्वेमार्गाला ४० मिमी पुरेल पण डोंगराच्या चकरांना ४५-५० ट्यूबलेस घ्या. गावाबाहेर हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, इमर्जन्सी नंबर ११२.

आणि जिथे पाणी भराल तिथे कॉफी प्या, काहीतरी खा, राहायला गावातलंच घर बघा. कित्येक गावांत तो एक बार म्हणजेच किराणा, पोस्ट, म्हाताऱ्यांची बसायची जागा सगळं असतं, तो बंद पडला की हिवाळ्यात गावात कुणी उरत नाही. शेजारच्या मोठ्या शहरातून खाणं भरून आणून नुसतं जंगल वापरून जाणारे सायकलवाले मला आवडत नाहीत, आणि हे मी तिथल्या लोकांबरोबर बसून त्यांचं ऐकून म्हणतोय.

शेवट सागुन्तो. वर किल्ला आणि रोमन थिएटर, इसवीसनपूर्व २१९ मधे कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने वेढा घातला होता तेच हे गाव. बरेच जण इथेच थांबून लोकलने वालेन्सिया गाठतात. तुम्ही अजून पाचेक किमी पोर्तोपर्यंत, म्हणजे सागुन्तोच्या बंदरापर्यंत जा, डोंगरातलं लोखंड जिथे उतरायचं तिथे स्टील कारखाना होता, १९८४ मधे बंद झाला, त्याची एक भट्टी जपून ठेवलीय, ती बघा आणि मग बीचवर जा. लोकल सागुन्तो स्टेशनवरून बऱ्यापैकी मिळतात, सायकल चालते, फक्त ऑफिसच्या वेळा टाळा.