दिसत नसलेल्या पेशंटला सीएपीडी शिकवताना

अगं, सीएपीडी म्हणजे पोटात नळीने पाणी भरून आणि काढून घरीच करायचं डायलिसिस; ते शिकवताना पेशंटला दिसत नाही म्हणून लगेच सुनेला शिकवायला बसू नकोस. डायबेटिसने किडनी जाते तशी नजरही जाते, असे पेशंट तुला वरचेवर भेटणार. आधी बोटांना स्पर्श नीट कळतो का बघ. हात बधिर असतील तर मात्र घरचं माणूस हवंच.

"हे इकडे, ते तिकडे" असं शिकवून चालत नाही. "उजव्या अंगठ्याखाली क्लिप आहे, टक् होईपर्यंत दाबा" असं सांग. सगळ्यात जास्त सराव पिशवीची नळी पोटाकडच्या नळीला जोडण्याचा, तोही डमी सेटवर. दोन्ही तळहातांच्या कडा एकमेकींना टेकवल्या की हात थरथरत नाहीत, टोकं समोरासमोर येतात. तरीही पोटाकडच्या नळीचं टोक कशाला लागलंच, तर पुसून जोडायचं नाही. नळीचा क्लॅम्प बंद आणि डायलिसिस युनिटला फोन. हे मी पेशंटकडून पुन्हा पुन्हा वदवून घेते.

पोटात भरायच्या पाण्याच्या दीड, अडीच आणि सव्वाचार टक्के साखरेच्या (डेक्स्ट्रोजच्या) पिशव्या हाताला सारख्याच लागतात. डोळस माणसाने त्या आल्याआल्या एक, दोन, तीन रबरबँड लावून ठेवायचे.

खरी अडचण पोटातून निघालेल्या पाण्याची. गढूळ पाणी म्हणजे पेरिटोनायटिसची (पोटाच्या आतल्या अस्तराला संसर्ग झाल्याची) शंका, आणि नेमकं तेच यांना दिसत नाही. पिशवी ओतण्याआधी घरच्यांना दाखवायची, एकटे असतील तर व्हिडिओ कॉलवर. पोट दुखलं किंवा ताप आला, तर पाणी स्वच्छ असलं तरी लगेच कळवायचं.

वजनाला बोलणारा काटा मिळतो, तो आधीच घ्यायला सांग.