बेसबॉलचा प्रॉस्पेक्ट (होतकरू खेळाडू) बघताना आधी वय बघ
अरे, नुसतं बॅटिंग ॲव्हरेज (हिट्सचं प्रमाण) बघून कोणाला मेजरमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, पोचवू नकोस. पहिलं वय बघ, डबल-ए मध्ये (मेजरच्या दोन पायऱ्या खाली) 20 वर्षांचा पोरगा .270 मारतोय ना, तर तो 25 वर्षांच्या .300 वाल्यापेक्षा कितीतरी भारी, कारण समोरचे पिचर्स (बॉल टाकणारे) त्याच्याहून मोठे आणि मुरलेले असतात. मग स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि वॉक (चार बॉल बाहेर पडले की फुकट पहिला बेस) बघ. खालच्या लेव्हलला फास्टबॉल फोडणारे ढीगभर सापडतात, डबल-एला स्ट्राइक वाटणारा स्लायडर (वळणारा बॉल) शेवटच्या क्षणी बाहेर वळतो तेव्हा पोरगा बॅट आवरतो का, ते बघ. अल्बुकर्की, रेनो अशा उंचावरच्या शहरांतल्या होम रन्सनी हुरळू नकोस, तिथली हवाच विरळ, बॉल लांब जाणारच. आणि ड्राफ्टचा (टीम्स नवे खेळाडू निवडतात त्याचा) नंबर फार मनावर घेऊ नको, माइक पियाझाला 1988 मध्ये 62व्या राउंडला घेतलेलं, 2016 ला तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत!