दुर्मिळ मृदा की विरळ धातू?

वणी तालुक्यातल्या एका दहावीच्या मुलीनं विचारलंय: पेपरात 'दुर्मिळ मृदा चुंबक' असं वाचलं. तिचे आबाजी म्हणाले, "माती ओढणारं चुंबक असन बाप्पा." हे बरोबर आहे का?

पोरी, आबाजींचा अंदाज हवेतला नाही. लहानपणी आम्ही जुन्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून नाल्याच्या रेतीतून ओढायचो. त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटायच्या. ते मॅग्नेटाइट, आपल्या काळ्या दगडातून सुटलेलं लोखंडाचं खनिज. पेपरातली मृदा मात्र वेगळी.

पाण्यात न विरघळणाऱ्या, आगीला दाद न देणाऱ्या ऑक्साइडांना युरोपातले जुने रसायनशास्त्रज्ञ 'माती' म्हणत. १७८७ साली स्वीडनमधल्या इटरबी गावच्या खाणीत एक काळा, जड दगड सापडला. १७९४ मध्ये गॅडोलिन या रसायनशास्त्रज्ञानं त्यातून अशी नवी 'माती' काढली. खरं तर ती धातूंची भस्मंच. इंग्रजीत या मातीला 'रेअर अर्थ' म्हणतात; आपण शब्दाला शब्द ठेवून तिची मृदा केली, आणि ज्यांच्या घरी मृदा परीक्षणाचा कागद आहे त्यांना ती वावरातलीच वाटणार.

मला 'दुर्मिळ' जास्त खटकतो. पेपरातल्या चुंबकात असतं ते निओडिमियम या धातूंपैकीच एक, आणि ते भूकवचात शिशाहून जास्त आहे. ते एका जागी दाट सापडत नाही, इतकंच. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: विरळ. पऱ्हाटी विरळ निघाली म्हणजे ती दुर्मिळ झाली असं कोणी म्हणत नाही. झाडं दूरदूर आहेत, एवढाच अर्थ. म्हणून 'विरळ धातू' म्हणावं असं मला मनापासून वाटतं.

निओडिमियम या नावाचा अर्थही गोड आहे: नवं जुळं. 'डिडिमियम', म्हणजे जुळं, हा एकच धातू समजत होते. १८८५ मध्ये वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञानं त्यातून दोन वेगळे केले. दुसरा प्रासिओडिमियम, हिरवं जुळं.

या चुंबकात दर १७ अणूंमागे १४ लोखंडाचे, २ निओडिमियमचे, १ बोरॉनचा. ओढ मुख्यतः लोखंडाची. निओडिमियम तिची दिशा धरून ठेवतं. साधा खिळा चुंबकावर घास, तो टाचणी उचलेल. दोनचारदा दगडावर आपट, ओढ बरीचशी गेलेली दिसेल. निओडिमियमवालं चुंबक उलट्या चुंबकाच्या जोरापुढेही सहज नमत नाही. या गुणाला मी 'चिवटपणा' म्हणेन. उष्णतेत तो सैलावतो, म्हणून तापणाऱ्या मोटारींच्या चुंबकात डिस्प्रोसियम हा आणखी एक विरळ धातू मिसळतात.

आबाजींना सांग, नाल्यातली काळी रेती हे चुंबकही ओढेल, आमच्या रेडिओवाल्यापेक्षा जोरात.