हिस्पॅनिक मुलं मागे का राहतात? आधी तुलना नीट करूया

तुम्ही विचारलंय की टेक्सासच्या शाळेत आपली भारतीय मुलं पुढे आणि हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिको, ग्वाटेमालासारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्यांची मुलं मागे का दिसतात, त्यांच्या घरी शिक्षणाची किंमत नाही का. मी इथल्या सरकारी शाळेत बरीच वर्षं शिकवतेय, हे साफ चूक आहे.

आपल्यातले बहुतेक लोक एमएस करायला नाहीतर एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर आले, म्हणजे विमानात बसायच्या आधीच डिग्री हातात, पोराचं गणित अडलं तर बाप जेवणं झाल्यावर सोडवून देतो. त्या घरांमध्ये आईवडील स्वतः सहावी नाहीतर आठवी, एकजण घरांची छपरं घालायला जातो, दुसरी हॉटेलच्या खोल्या साफ करते, आणि त्यांचं मूल बारावी पास होतं. झेप कुणाची मोठी?

आकडे बघा. १६ ते २४ वयाच्या हिस्पॅनिक तरुणांमध्ये शाळा पूर्ण न केलेले १९९० ला ३२ टक्के होते, २०१८ ला ८ टक्के. आणि त्या जुन्या आकड्यात असेही खूप होते जे थेट कामाला आले, इथल्या शाळेत कधी बसलेच नाहीत, त्यांना पण ड्रॉपआउटमध्येच मोजलं जायचं.

शाळेत अडतं ते मुख्यतः एका ठिकाणी. अॅडमिशनच्या फॉर्मवर घरची भाषा स्पॅनिश लिहिली की मुलाची इंग्लिशची टेस्ट होते आणि त्यात कमी पडलं तर ते इंग्लिश लर्नर, म्हणजे अजून इंग्लिश शिकणारं मूल ठरतं, इथेच जन्मलेलं असलं तरी. बाहेर पडायला बोलणं, ऐकणं, वाचन, लेखन सगळ्याची परीक्षा. फाडफाड इंग्लिश बोलणारी मुलं लेखनात अडकून सहा-सहा वर्षं त्याच शिक्क्याखाली राहतात, आणि त्या जादा तासापायी चांगले विषय हातचे जातात. याचा मला फार राग येतो.

पण खरी गळती बारावीनंतर. शाळेचं दार १९८२ पासून उघडं आहे, टेक्सासमधल्याच टायलर गावच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कागदपत्रं नाहीत म्हणून मुलाला शाळा नाकारता येणार नाही. कॉलेजला तो निकाल लागू नाही. २५ ते २९ वयात बॅचलर्स झालेले हिस्पॅनिक २००० ला साधारण १० टक्के, २०२० ला २५, वाढ जबरदस्त आहे, तरी गोऱ्यांमध्ये तेव्हा ४५ च्या आसपास.

यात फॅफ्साचा, म्हणजे कॉलेजच्या खर्चासाठी सरकारी मदत मागायच्या फॉर्मचा वाटा मोठा. मूल इथलं नागरिक असेल तर त्याला पेल ग्रँट, म्हणजे परत न करावी लागणारी सरकारी मदत मिळू शकते, आईवडिलांचे कागद काहीही असोत. पण सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या आईला वर्षानुवर्षं त्या रकान्यात नऊ शून्यं भरावी लागायची आणि सहीचं पान प्रिंट काढून पोस्टाने पाठवावं लागायचं. मग २०२३ च्या डिसेंबरात नवा ऑनलाइन फॉर्म आला तर त्यात नेमके हेच पालक कित्येक आठवडे अडकून पडले. वर भीती, की ही माहिती सरकारकडे गेली तर आपल्याला हाकलतील का, आणि हे सगळं वाचून आईला समजावून सांगणारं कोण, तर तेच सतरा वर्षांचं मूल.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर मुलांच्या शाळेत फॅफ्सा नाइट, म्हणजे हा फॉर्म भरायला मदत करायची संध्याकाळ असते का विचारा आणि जाऊन बसा. टॅक्सचे कागद वाचता येणारा माणूस तिथे कायम कमी पडतो. स्पॅनिश आलंच पाहिजे असं नाही, मूल शेजारी असतंच.